तुरीचा हिशेब

आमच्या मुलांना ‘अन्न शेतातून घरी कसं येतं’ हे शिकवताना पहिली अडचण अशी, की घरून शेतात अन्न कसं जातं हे त्यांना जास्त पक्कं ठाऊक असतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निम्मा वर्ग भाकरीचं फडकं घेऊन वावराच्या वाटेला लागलेला असायचा. कोणाची माय निंदायला गेलेली, कोणाचा बाप डवरायला. फडक्यात भाकर, ठेचा, एखादा कांदा आणि दुसऱ्या हातात पाण्याची कॅन. त्यांच्या लेखी जेवणाचा रस्ता गावातून निघतो आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली संपतो. पुस्तकातला बाण मात्र उलट दिशेला काढलेला असतो.

खामगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी बरीच वर्षं चौथीला शिकवलं. गाव घाटाखालचं, काळ्या मातीचं. कपाशी, सोयाबीन, तूर, पाणी असलं तर हरभरा. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. शेत, बैलगाडी, बाजार, गिरणी, दुकान, घर. सहा चित्रं, पाच बाण. शेताच्या चित्रात फेटा बांधलेला हसरा शेतकरी आणि घराच्या चित्रात टेबलाभोवती खुर्च्यांवर बसलेलं कुटुंब. तक्ता वाईट नव्हता. दूध पिशवीत तयार होत नाही, हे मुंबईच्या मुलाला सांगायला तो पुरेसा आहे. पण आमच्या गावात तो टांगला की प्रश्न पडायचा, हे घर कोणाचं? फेटेवाल्याला घर नाही का? आणि असेल, तर त्याच्या घराकडे जाणारा बाण कुठं आहे?

हा प्रश्न माझा नाही. पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका मुलीनं तो वेगळ्याच शब्दांत काढला. तक्त्याजवळ जाऊन तिनं सगळी चित्रं बोटानं पाहिली आणि म्हणाली, “गुरुजी, याच्यात माय कुठं हाय?” तिच्या घरी वावर नव्हतं. माय दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायची. शेताच्या चित्रात माणूस एकच होता आणि तोही कमरेवर हात ठेवून उभा. आमच्याकडे वावरात उभा राहिलेला माणूस क्वचित दिसतो. दिसतात त्या वाकलेल्या पाठी, आणि त्यातल्या बहुतेक बायांच्या.

तेव्हापासून तो धडा मी तुरीवर शिकवायला लागलो. कपाशी खाता येत नाही. सोयाबीनची तर गंमतच आहे. गावात सगळ्यात जास्त पेरतात ते सोयाबीन, आणि ते कोणाच्याच ताटात नाही. एका पोरानं विचारलंही, “मंग सोयाबीन घरी येते तरी कवा?” ते येतं तेलाच्या पिशवीतून. दाण्यात अठरा-वीस टक्के तेल, बाकीची पेंड. ती कोंबड्यांना, गुरांना, नाहीतर जहाजानं परदेशात. पूर्वी ज्या वावरात ज्वारी असायची तिथं आता हे आहे आणि भाकरीची ज्वारी दुकानातून आणावी लागते. म्हणजे पिकवतो ते खात नाही, खातो ते पिकवत नाही. हे चौथीच्या मुलाला समजायला जड जातं. मलाही जातं. तूर तशी नाही. ती आमच्याकडे ताटातच राहते. पौषात उकडलेल्या शेंगा, हिरव्या सोल्यांची आमटी, मग वर्षभराचं वरण, फुणके, आळण. तुऱ्हाट्या चुलीत जातात, कुटार गुरांपुढे जातं. आणि उरलेली तूर खामगावला जाते.

घरच्या डाळीचं मुलांना आजीकडून लिहून आणायला सांगितलं. तूर निवडायची, भिजवायची, तेलाचा हात लावायचा, उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. आता हे करणारी घरं थोडी. एकीच्या आजीनं सांगितलं, की डाळ भरडायला बसलं की सूपभर चुरी उरायची आणि ती म्हशीची. हे जात्यावरचं काम खामगाव-अकोल्याच्या डाळमिलमध्ये कसं होतं ते पाहायला आम्ही एकदा वर्ग घेऊन गेलो. तिथंही तेच सगळं होतं, फक्त हाताच्या जागी यंत्र. आधी चाळण, मग खरबरीत रोलरवर घासणं, मग तेल-पाणी, मग वाळवण आणि मग फोड. मुलांना सगळ्यात आवडलं ते वाळवण, कारण ते गच्चीवर होतं आणि त्यांना तुरीवरून चालायला मिळालं. मिलच्या माणसानं सांगितलं, की एक क्विंटल तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते. बाकी चुनी आणि टरफल, तेही ढेपेच्या दुकानात विकलं जातं. काही वाया जात नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास यावरच घेतला. शाळेतल्या खिचडीला शासनाचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. एका क्विंटल तुरीची सत्तर किलो डाळ धरली, तर वीस ग्रॅमची ताटं किती? फळ्यावर भागाकार झाला. साडेतीन हजार. आमच्या शाळेचा पट सत्तर, म्हणजे पन्नास दिवस. मग मागच्या बाकावरचा एक जण उठून उभाच राहिला. त्याच्या घरी त्या साली चार क्विंटल तूर झाली होती. चार पन्नास दोनशे. शाळेचं वर्षही कायद्यानं किमान दोनशे दिवसांचं. “गुरुजी, म्हंजे आमच्या बाबानं आख्ख्या शाळेले वर्षभर वरण चारलं!” वर्ग त्याच्याकडे असा पाहायला लागला, जसा कोणी फौजदाराच्या पोराकडे पाहील.

इथं थांबलं असतं तर धडा चांगला झाला असता. अन्नाची किंमत कळली, बापाबद्दल आदर वाटला, वाया घालवू नये हेही आपोआप आलं. पण भागाकार शिकलेलं पोर थांबत नाही. “मंग चार क्विंटलचे पैसे किती?”

ते २०१७ साल होतं. वाचणाऱ्यांना आठवत असेल, २०१५च्या दिवाळीआधी तूरडाळ दोनशे रुपये किलोला गेली होती. शहरात त्यावर विनोद झाले, मोर्चे निघाले. सरकारनं साठ्यावर मर्यादा घातल्या, म्यानमार-मोझांबिकसारख्या ठिकाणांहून तूर आणायच्या गोष्टी झाल्या, आणि शेतकऱ्यांना तूर पेरा म्हणून सांगितलं. पेरली. २०१६ला पाऊसही बरा झाला. तूर आली ती अशी, की ठेवायला जागा नाही. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये, पण बाजारातला भाव त्याच्या खाली. सरकारी खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि केंद्रावर बारदाना नाही. तूर आहे, घेणारा आहे, पोतं नाही म्हणून माप होत नाही. माणसं तुरीच्या ढिगाजवळच आठ-आठ दिवस झोपली. त्यातल्या काहींची पोरं माझ्या वर्गात होती. त्यांच्या पाढ्यांत बापाच्या रांगेचे दिवस मोजले जात होते.

म्हणून ५०५०नं गुणाकार केला. वीस हजार दोनशे. शाळेचं वर्षाचं वरण, वीस हजार दोनशे रुपये. तेही हमीभाव हाती पडला तर. डाळीच्या किलोवर उतरवलं तर बहात्तर रुपयांच्या आसपास. दुकानातला भाव मुलांनीच विचारून आणला होता, तो त्याच्या वर होता. आता मधले कोण? इथं मी सावकाश गेलो. मधले सगळे चोर, हे आमच्या गावात कोणालाही शिकवावं लागत नाही. पारावर तेच चालतं. पण वर्गातल्या एका मुलाचा बाप बाजारात हमाली करायचा. त्यानं सांगितलं, की कट्टा पाठीवर घेताना आधी गुडघा वाकवायचा, कंबर नाही. अडत्या, मापारी, हमाल, परखी खुपसून दाणा पाहणारा खरेदीदार, मिलमध्ये वाळवण हलवणाऱ्या बाया, ट्रकवाला, आणि गावातला दुकानदार, जो पोळ्यापासून दिवाळीपर्यंत उधार देतो. प्रत्येकाला चौकोन काढला. तक्त्याखाली कागद चिकटवत गेलो, तो खिडकीपर्यंत गेला. त्या मुलीची माय पहिल्याच चौकोनात आली, विळ्यासकट.

जाता जाता एक. हा बाहेर जायचा रस्ता आमच्या जिल्ह्यात फार जुना आहे. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, कापसासाठी. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. वऱ्हाडातच कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ला वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. माल मोजून, तोलून, विनाभेसळ मँचेस्टरला पोचावा ही त्यातली काळजी. माल कसा जाईल याचा विचार दीडशे वर्षांपासून चालू आहे. पैसा कसा परत येईल याचा विचार त्या मानानं नवा.

आता मुख्य गोष्ट. हा धडा असा शिकवावा का? शाळेतल्याच एका सोबत्यानं मला साफ सांगितलं, की मालाचा रस्ता दाखवा, पैशाचा दाखवू नका. नऊ वर्षांच्या पोराला बाप तोट्यात आहे हे कशाला कळायला हवं? त्याला ते बदलता येत नाही, नुसतं जड होईल. या म्हणण्यात प्रेम आहे आणि ते खोटं नाही. मुलांपासून काही गोष्टी दूर ठेवाव्यात, हे मलाही पटतं.

दुसरा आक्षेप याहून कठीण होता. चार क्विंटलवाल्या पोराचा बाप बैल पाजून येता येता शाळेच्या फाटकाशी थांबला. म्हणाला, “गुरुजी, वावराचं आम्ही शिकवतो त्याले. तुमी त्याले वावरातून काढाचं शिकवा.” यात रागाचा सूर नव्हता. नई तालीम सुरू झाली तेव्हापासून हेच म्हटलं गेलं आहे. १९३७ साली वर्ध्याला परिषद झाली, सेवाग्रामला मुलं शेतात काम करत, सूत काढत शिकायला लागली. तिथं आजही आनंद निकेतन शाळेत मुलांच्या हाताला माती लागते. पण खेड्यातल्या बापाला वाटतं, की हे माझ्याच पोराला का? साहेबाच्या पोराला इंग्रजी आणि आमच्याला कुदळ? हा संशय चुकीचा आहे असं म्हणायला मी धजत नाही.

पण माझं उत्तर तयार होतं, आणि ते मी त्याला फाटकातच दिलं. तुझं पोर वावरातून निघेल हे धरून चालू. पुण्याला जाईल, खोली घेईल, महिन्याचा किराणा भरेल. तेव्हा तक्त्यातलं शेवटचं घर त्याचंच असेल. डाळ पुन्हा कधी दोनशेला गेली तर तोही चिडेल, मोबाइलवर विनोद पाठवेल. तो चिडताना त्याला तुझी बारदान्याची रांग आठवली पाहिजे, एवढंच मला शिकवायचं आहे. तो हसला. “आठोते का मंग?” म्हणाला आणि बैल घेऊन गेला. पटलं की नाही ते कळलं नाही.

सोबत्याच्या आक्षेपाचं उत्तर मात्र मला द्यावं लागलं नाही. ते एका पोरानं दिलं, आणि नंतर त्याच्या मायनं. घरचा तुरीचा हिशेब लिहून आणायला सांगताना मी ‘बाबांना विचारा’ असं म्हणत नसे, ‘घरी विचारा’ म्हणायचो. बुलढाणा हा त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी २००६ साली पंतप्रधानांना पॅकेज जाहीर करावं लागलं. आमच्या तालुक्यातल्या शाळेत ‘बाबांना विचारा’ म्हणण्याआधी मास्तरला वर्गावरून नजर फिरवावी लागते. माझ्या वर्गातही एक होता. दोन वर्षांपूर्वी बाप गेला होता. कसा, ते गावाला माहीत होतं आणि वर्गालाही.

सगळ्यात लांबलचक हिशेब त्यानं आणला. बाकीच्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या वहीची दोन पानं भरली होती. बियाणं, खत, दोन फवारण्या, ट्रॅक्टरची पाळी, निंदणाचे रोज, सोंगणी, मळणी, गाडीभाडं, हमाली, तोलाई. प्रत्येकापुढे रुपये. मी त्याला वाचायला सांगितलं नव्हतं. तो आपणच उठला आणि खणखणीत वाचलं. शेवटची ओळ ‘शिल्लक’ अशी होती आणि त्यापुढे उणे चिन्ह. चौथीत उणे संख्या शिकवत नाहीत. एकानं विचारलं, ही आडवी रेघ कायची? तो म्हणाला, “एवढे अजून द्याचे हायेत.”

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या घरावरून गेलो. माय शेण सारवत होती. तिनं आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून दाखवला. त्यात सगळ्या पावत्या, सालवार दोऱ्यानं बांधलेल्या. म्हणाली, “वाचू द्या त्याले. त्याच्या बापानं हिशोब कोनाले सांगतलाच नाही. मले बी नाही. माणूस गेल्यावर डब्यातून कळलं मले, कोनाचे किती ते.” मग पुन्हा सारवायला बसली.

यानंतर मी सोबत्याशी वाद घातला नाही. आपण म्हणतो मुलांना कळू नये, पण त्यांना कळलेलं असतं. रात्री भाकरी थापताना माय गप्प असली की पोराला भाव कळतो. शाळा गप्प राहिली तर त्याला एवढंच समजतं, की घरात जे सगळ्यात मोठं आहे त्याच्याशी पुस्तकाचा संबंध नाही. ते लाजेचं आहे, मोठ्यानं बोलायचं नाही. आमच्याकडच्या कितीतरी बापांनी ही लाज एकट्यानं वाहिली. तोटा ही लाजेची गोष्ट नाही, ती वजाबाकी आहे, आणि वजाबाकी चारचौघांत फळ्यावर करता येते. हे शिकायला नऊ वर्षांचं वय लहान नाही.

म्हणूनच ‘अन्नदाता’ हा शब्द मी वर्गात वापरत नसे. भाषणात तो छान वाटतो. पण दाता म्हटलं की दिलं ते दान होतं, आणि दानाचा भाव कोणी विचारत नाही. ‘बळीराजा’चंही तसंच. त्या गोष्टीत राजा शब्दाला जागून दान देतो आणि राज्य गमावून बसतो, हे आपण विसरतो. मुलांनी जेवताना हात जोडावेत, ताटात टाकू नये, हे मी शिकवलंच. त्यात काही वाईट नाही. पण कृतज्ञता फुकट असते, म्हणून ती लोक सढळ हातानं वाटतात. तुरीवाल्याला नमस्कार नको असतो असं नाही. त्याला आधी माप हवं असतं.

खिडकीपर्यंत गेलेल्या त्या कागदावर एक चौकोन आम्हाला भरता आला नाही. खर्च लिहीत होतो. मजुराचा रोज लिहिला. तेव्हा आमच्याकडे बाईला दीडशे आणि गड्याला अडीचशे. मग कोणीतरी म्हणालं, की आमच्या वावरात मजूर नसतेच, मायच निंदते. तिचा रोज धरायचा का? वर्गाचे दोन तट पडले. दिल्लीत भाव ठरवणारे याच प्रश्नावर वर्षानुवर्षं अडून बसलेत. नुसता रोख खर्च धरायचा, की घरच्या माणसांची मेहनतही, की जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजसुद्धा? हमीभावाच्या दीडपटीचं सगळं भांडण त्यावर आहे; दीडपट कशाची, हे. चौथीच्या पोरांना यातलं काही सांगायची गरज पडली नाही.

“माय तं घरचीच हाय, तिचा रोज कोन देते?” एक पोरगा म्हणाला.

“मंग तू निंद जा उद्या,” पुढच्या रांगेतली ती मुलगी म्हणाली, “घरचाच हायेस.”

मधली सुट्टी झाली. खिचडीच्या रांगेतही भांडण चालू होतं. चौकोन मी रिकामा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्यात कोणीतरी पेन्सिलनं १५० लिहिलं होतं. त्यावर दुसऱ्या कोणाची तरी काट होती आणि बाजूला शाईनं, मोठ्या अक्षरांत, २५०.